लाल दिव्यापुढची समता

‘कायदा सर्वांना सारखाच असला पाहिजे’ हे वाक्य इतके निर्मळ आणि इतके निर्विवाद आहे की, ते उच्चारणाऱ्याला पुढे विचार करण्याचे कारणच उरत नाही. शहरातील वाहतुकीविषयी बोलणे निघाले आणि त्यात सायकलस्वाराचा उल्लेख आला की हे वाक्य हटकून ऐकू येते. दिल्लीत ऐकू येते, कोलकात्यात ऐकू येते, भोपाळ-हैदराबादेतही ऐकू येते. आणि ते उच्चारणारे बहुधा आपल्यासारखेच सुशिक्षित, सुस्थित, नियम पाळणे व पाळून घेणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे असे लोक असतात. सायकलवाले सिग्नल पाळत नाहीत, लाल दिवा असताना खुशाल पुढे घुसतात, पोलीस त्यांना काही म्हणत नाहीत. तेव्हा मोटारीला जो नियम तोच सायकलीला लावावा आणि मोटारवाल्यासारखाच सायकलवाल्यालाही दंड करावा, असा या मंडळींचा आग्रह असतो. हा आग्रह न्यायाच्या नावाने धरला जातो. वस्तुतः तो न्यायाचा नव्हे, सोयीचा आहे; आणि सोयही बळवंताची आहे. एवढे दाखविण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम कायदा काय आहे ते पाहू. कारण ज्याच्या समतेविषयी आपण इतके हळवे आहोत त्याचे स्वरूप फारच थोड्यांनी पाहिलेले असते. आपल्या रस्त्यांचा मुख्य कायदा म्हणजे १९८८ चा मोटार वाहन कायदा. त्याच्या नावातच त्याची मर्यादा आहे. यंत्रशक्तीने चालणारे वाहन हा त्याचा विषय. वाहतुकीची चिन्हे पाळण्याचे कर्तव्य सांगणारे त्यातील ११९ वे कलमही ते कर्तव्य मोटार वाहनाच्या चालकावर टाकते. सायकल ही मोटार नव्हे. म्हणून या कायद्याच्या दृष्टीने सायकलस्वार हा चालकच नाही. २०१९ साली ज्या दंडांच्या वाढीव रकमांनी देशभर एवढी खळबळ उडविली, त्या दंडांच्या तक्त्यातही त्याला स्थान नाही. याचा अर्थ तो मोकाट सुटला आहे असा मात्र नव्हे. बेदरकारपणे वाहन हाकून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम पूर्वी दंडसंहितेत होते व आता भारतीय न्याय संहितेत २८१ या क्रमांकाने आहे. तेथे ‘कोणतेही वाहन’ असे शब्द असल्याने सायकलही त्यातून सुटत नाही. शिवाय निरनिराळ्या राज्यांचे पोलीस कायदे आहेतच. आपल्या परिचयाचा १९५१ चा मुंबई पोलीस कायदा घ्या. आज त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याच्या ३३ व्या कलमान्वये रस्त्यांच्या वापराचे नियम करण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्यांना मिळतो, आणि ज्यांच्यासाठी हे नियम करावयाचे त्यांच्या यादीत पायी चालणारे, वाहन हाकणारे, सायकल चालविणारे आणि गुरे घेऊन जाणारे असे सारे एका दमात सांगितलेले आहेत. हेतू काय, तर सार्वजनिक धोका, अडथळा आणि गैरसोय टाळणे.

या रचनेकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. मोटारवाल्यासाठी कायद्याने एक संपूर्ण संसार मांडलेला आहे: त्याची व्याख्या आहे, परवाना आहे, विमा आहे, अपघातात नुकसानभरपाई मागण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे, त्याच्या गाडीच्या वेगाचा हिशेब करून आखलेले रस्ते आणि सिग्नल आहेत. सायकलस्वारासाठी काय आहे? तो ‘अडथळा’ या सदराखाली येतो. म्हणजे हक्कांच्या वेळी त्याची ओळख नाही, आणि शिस्तीच्या वेळी मात्र तो सर्वांच्या बरोबरीचा! पंगतीत पान मांडताना ज्याची आठवण झाली नाही, त्याच्याकडून वर्गणी मात्र सर्वांइतकीच घ्यावयाची, अशातला हा प्रकार आहे.

आता चौकात उभे राहून थोडे गणित करू. हे गणित शाळकरी मुलालाही जमेल, पण चौक आखणाऱ्यांनी ते क्वचितच केलेले दिसते. एक मोठा चौरस्ता घ्या. एका थांबरेषेपासून पलीकडच्या कडेपर्यंतचे अंतर ३६ मीटर धरू. नव्या दिल्लीच्या रुंद रस्त्यांवर असे चौक कितीतरी आहेत. साधी सायकल मारणारा मनुष्य ताशी १२ किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटरांहून थोडे अधिक. त्याला हा चौक ओलांडण्यास जवळजवळ ११ सेकंद लागतात. ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटार तोच चौक सव्वातीन सेकंदांत पार करते. पिवळा दिवा बहुधा तीन सेकंदांचा असतो. तो कोणाचा काळ मोजून ठेवला आहे हे सांगावयास नको. आता असे समजा की एक सायकलस्वार हिरवा दिवा असताना, अगदी नियमाप्रमाणे, पण त्या दिव्याच्या शेवटच्या क्षणी चौकात शिरला. पिवळा दिवा संपेल तेव्हा तो जेमतेम दहा मीटर गेलेला असेल. अजून सव्वीस मीटर, म्हणजे आठ सेकंदांची वाट शिल्लक आहे, आणि आडव्या रस्त्यावरच्या मोटारींना हिरवा दिवा मिळण्याची वेळ झाली आहे. दोन्हीकडचे दिवे एकदोन सेकंद लाल ठेवण्याची सोय असली तरी त्याला ती पुरत नाही. मग कर्णे वाजतात, काचा खाली होतात, आणि ‘हे सायकलवाले सिग्नल मोडतात’ या सिद्धान्ताला आणखी एक पुरावा मिळतो. या मनुष्याने कोणता नियम मोडला? काहीच नाही. नियमानेच त्याला मध्येच सोडून दिले.

याच कारणाने अनुभवी सायकलस्वार दुसरा मार्ग पत्करतो, आणि तो मात्र खरोखरच नियमाविरुद्ध असतो. आडवी वाहतूक थांबली आणि आपला हिरवा दिवा अजून लागावयाचा आहे, अशा त्या दोनचार सेकंदांच्या पोकळीत तो पुढे निघतो. त्याला ठाऊक असते की हिरवा दिवा लागताच त्याच्या पाठीमागून मोटारसायकली, रिक्षा आणि बस यांचा लोंढा सुटणार आहे, आणि त्या लोंढ्यात, पहिल्या दोन पायडलांना डुगडुगणारी सायकल घेऊन, आपल्याला मधोमध सापडावयाचे नाही. दुरून पाहणाऱ्याला तो उद्धटपणा वाटतो. पण ज्याच्या अंगाभोवती पत्रा नाही, त्याला स्वतःच्या हाडांखेरीज दुसरा विमा नसतो, हे मोटारीच्या मागच्या आसनावरून दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल की, सगळ्यांनीच अशी आपापली सोय पाहिली तर रस्त्यावर अराजक माजेल. बरोबर आहे. म्हणूनच तर जे शहाणपण सायकलस्वार आज चोरून वापरतो ते कायद्याने उघडपणे मान्य करून त्याला मर्यादा घालावी, असे माझे म्हणणे आहे. नियम मोडल्यावाचून ज्याला जीव वाचविता येत नाही, त्याला नियमभंगाची सवय लागते. आणि एकदा सवय लागली की जेथे जिवाचा प्रश्न नाही तेथेही तो नियम मोडतो. उलट्या दिशेने येणारे, रात्री दिव्यावाचून फिरणारे, झेब्रा पट्ट्यांवरील म्हाताऱ्या माणसांना दचकविणारे सायकलस्वार आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही. परंतु त्यांची बेशिस्त हे अन्यायाचे समर्थन नव्हे, ते बऱ्याच अंशी त्याचे फळ आहे.

थांबण्याच्या किमतीचाही विचार केला पाहिजे. मोटारवाल्याला थांबणे म्हणजे एका पायाची हालचाल. पुन्हा निघणे म्हणजे दुसरी. सायकलस्वाराला प्रत्येक थांब्यानंतर आपला वेग स्वतःच्या मांड्यांतून नव्याने निर्माण करावा लागतो. गतीची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे आपण सारे शाळेत शिकलो. म्हणजे जो पुरा थांबत नाही, केवळ निम्म्या वेगावर येऊन, इकडेतिकडे पाहून पुढे जातो, त्याची एक चतुर्थांश शक्ती शिल्लक राहते. बर्कली येथील विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक जोएल फायान्स यांनी २००१ साली मेलनी करी यांच्याबरोबर लिहिलेल्या एका लेखात हाच हिशेब मांडून, सायकलस्वारांना थांब्याच्या पाट्यांचा एवढा तिटकारा का, याचा उलगडा केला होता. तो हिशेब सपाट रस्त्यावरच्या मोकळ्या सायकलीचा. आपल्याकडे कॅरिअरला दुधाच्या किटल्या लटकवून, गॅसची टाकी बांधून, किंवा पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे लादून जो निघतो, त्याच्या दृष्टीने दहा सिग्नल म्हणजे दहा चढ आहेत. त्याने थांबू नये असे कोणी म्हणत नाही. पण जेथे थांबण्याने कोणाचेही रक्षण होत नाही, तेथे त्याला केवळ समतेच्या प्रदर्शनासाठी थांबविणे हा निव्वळ कवाइतीचा हव्यास आहे.

आता समतेच्या तत्त्वाकडे वळू. या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांना राज्यघटनेचे १४ वे कलम तोंडपाठ असेल. त्या कलमाचा अर्थ लावताना आपल्या न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे की, समानांना समानतेने वागविणे म्हणजे समता. असमानांना एकाच मापाने मोजणे हीदेखील विषमताच. सयुक्तिक वर्गीकरण घटनेला मान्य आहे. मग मोटार आणि सायकल समान आहेत काय? स्वारासह सायकलीचे वजन ८० किलो आणि मोटारीचे १२०० किलो धरा. वेग पूर्वीचेच, १२ आणि ४०, घ्या. आघाताची शक्ती मोजली तर मोटारीची सायकलीच्या दीडशे पटींहून अधिक भरते. लाल दिवा मोडणारा मोटारवाला दुसऱ्याचा जीव पणाला लावतो. लाल दिवा मोडणारा सायकलस्वार बहुतेक वेळा स्वतःचाच. हे दोन अपराध एकच आहेत असे म्हणणाऱ्याने तोफ आणि गोफण यांना एकच परवाना द्यावा.

आणि खरे सांगावयाचे तर लाल दिव्यापुढची समता ही आपल्या अधिकारी वर्गाला अलीकडेच सुचलेली कल्पना आहे. लाल दिवा या शब्दाचा दुसरा अर्थ आपण इतक्यात विसरलो काय? मोटारीच्या टपावर फिरणारा तो दिवा १ मे २०१७ पासून केंद्र सरकारच्या निर्णयाने उतरविला गेला. त्यापूर्वी कित्येक दशके त्या दिव्याच्या गाडीसाठी चौक रोखले जात, सिग्नल निरर्थक होत, आणि मागे खोळंबलेल्या शेकडो माणसांत सायकलस्वारही असत. त्या काळात ‘कायदा सर्वांना सारखा’ हे वाक्य आपल्या बैठकींतून किती वेळा ऐकू आले? टपावरच्या लाल दिव्याने खांबावरच्या लाल दिव्याला मागे टाकले, तेव्हा जी न्यायबुद्धी शांतपणे मागच्या आसनावर बसून होती, ती आज एका दूधवाल्याच्या दोन सेकंदांच्या घाईने एकाएकी जागी होते. बळी तो कान पिळी हा अनुभव नवा नाही. पण पिळणाऱ्याने त्याला समता म्हणावे, हे मात्र नवे.

इतर देशांनी या प्रश्नाचा निकाल कसा लावला ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्याने १९८२ सालीच सायकलीसाठी चौकाचा वेगळा नियम केला. तेथे आज असा कायदा आहे की, सायकलस्वाराने ‘थांबा’ या पाटीपाशी वेग कमी करून, ज्याचा हक्क आधी त्याला वाट देऊन पुढे जावे. आणि लाल दिव्यापाशी पुरते थांबून, वाट मोकळी असल्यास निघावे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या सुधारणेचा प्रारंभ कोणा चळवळ्याने केला नाही. न्यायालयांच्या प्रशासनाचे प्रमुख असलेल्या कार्ल बियांकी या अधिकाऱ्याला दिसून आले की, सायकलस्वारांच्या क्षुल्लक तांत्रिक गुन्ह्यांनी न्यायालयांचा वेळ फुकट जातो आहे. आणि नियम वास्तवाला धरून नसेल तर वास्तवाला शिक्षा करण्याऐवजी नियम दुरुस्त करावा, हे त्याने ओळखले. पुढे पस्तीस वर्षे या राज्याचे अनुकरण फारसे कोणी केले नाही. पण २०१७ मध्ये डेलावेअरने, २०१९ मध्ये ऑरेगॉनने, २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्याने आणि २०२२ मध्ये कोलोरॅडोने कमीअधिक फरकाने हाच मार्ग धरला. पॅरिसमध्ये २०१५ पासून पुष्कळ सिग्नलांखाली एक लहानशी त्रिकोणी पाटी दिसू लागली. त्या पाटीच्या बाणाप्रमाणे सायकलस्वाराला लाल दिवा असतानाही, पादचाऱ्यांना वाट देऊन, जाता येते. स्वित्झर्लंडने २०२१ च्या १ जानेवारीपासून पाटी असेल तेथे सायकलींना लाल दिव्यावर उजवीकडे वळण्याची मुभा दिली. ते उजव्या बाजूने चालणारे देश; त्यांचे उजवे वळण ते आपले डावे. कोपनहेगनने तर नोरेब्रोगाडे या गजबजलेल्या रस्त्यावर सिग्नलांची साखळीच ताशी २० किलोमीटर वेगाला जुळवून दिली आहे. त्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला एकामागून एक हिरवे दिवे मिळत जातात. इंग्लंडात १९८४ साली ऑक्सफर्डला मोटारींच्या थांबरेषेपुढे सायकलींसाठी एक वेगळी थांबरेषा आखली गेली. खर्च काय, तर एका डबा पांढऱ्या रंगाचा!

आमच्याकडे काय घडले? कोलकात्यात २००८ साली काही रस्त्यांवर सायकलींना बंदी झाली, आणि २०१३ पर्यंत बंदीच्या यादीतील रस्त्यांची संख्या १७४ वर गेली. लोकांनी निदर्शने केली, पुढे यादी कमी झाली. परंतु तत्त्व कायम राहिले. कारण असे दिले गेले की सायकलींमुळे वाहतुकीचा वेग मंदावतो. म्हणजे ज्याला चौक ओलांडण्यास आपण पुरेसा वेळ दिला नाही, त्याला त्या दिरंगाईबद्दल रस्त्यावरूनच हद्दपार केले. त्याच पश्चिम बंगाल सरकारने २०१५ पासून ‘सबुज साथी’ योजनेखाली शाळकरी मुलामुलींना सायकली वाटल्या. त्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. त्या योजनेची स्तुतीच केली पाहिजे. परंतु गावातल्या मुलीला सायकल देणारे आणि राजधानीतल्या मजुराची सायकल अडविणारे राज्य एकच, ही विसंगती कोणत्या टिप्पणीत नोंदली गेली? २०२० च्या महामारीत लोकलगाड्या बंद पडल्या तेव्हा हीच बंदी काही काळ शिथिल करावी लागली. संकटात सायकलस्वार चालतो. सुकाळ आला की तो अडथळा होतो.

दिल्लीची कथा निराळी, पण बोध तोच. २००८ साली आंबेडकरनगर ते मूलचंद या मार्गावर बससाठी राखीव पट्टा झाला. त्याबरोबर सायकलींसाठीही स्वतंत्र मार्ग आखला गेला. या मार्गाच्या रचनेत दोष होते, चौकांतील सिग्नलांचे चक्र लांबलचक होते, सायकलमार्गात मोटारसायकली घुसत. हे सारे खरे. परंतु त्याविरुद्ध जो गदारोळ उठला त्याचा सूर हे दोष दुरुस्त करावेत असा नव्हता. मोटारींना थांबावे लागते हीच खरी तक्रार होती. अखेर २०१६ मध्ये तो पट्टा उखडून टाकण्यात आला. मोटारीला दोन मिनिटे थांबावे लागले तर कोट्यवधींचे बांधकाम पाडता येते. सायकलस्वाराला आठ सेकंद हवे असतील तर मात्र समतेचे तत्त्व आड येते.

या सर्वांवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की, आता सायकली उरल्यात कोठे? थोड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरांपैकी जवळजवळ ४५ घरांत सायकल होती. तेव्हा ही ‘थोडी’ माणसे म्हणजे निम्म्याला टेकलेला देश होय. आणि अलीकडच्या सरकारी अहवालांप्रमाणे रस्त्यांवर दरसाल चार हजारांहून अधिक सायकलस्वार मृत्युमुखी पडतात. ज्यांचे मरण मोजले जाते त्यांचे जाणेयेणे मोजण्याचा कंटाळा करणे शोभत नाही. दुसरा आक्षेप: सायकलवाल्याला सवलत दिली की त्याच्यामागून मोटारसायकली घुसतील. घुसतीलही. त्यांना अडवा. एकाच्या चोरीसाठी दुसऱ्याच्या घराला कुलूप लावणे हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच प्रकार. तिसरा आक्षेप मोठ्या तोऱ्यात केला जातो: सायकलवाला कर भरत नाही, त्याच्याकडे परवाना नाही, मग हक्क कसला? तर, पूर्वी पुण्यासारख्या गावात त्याच्याकडून नगरपालिका वार्षिक कर घेत असे आणि पितळी बिल्ला देत असे. संध्याकाळी दिवा नसला की शिपाई त्याला अडवी, आणि डबलसीट बसणारा पकडला गेला तर दंड होई. बिल्ले गेले ते सरकारच्या सोयीने गेले, सायकलस्वाराने परत केले नाहीत. शहरातील रस्त्यांचा खर्च नगरपालिकेच्या तिजोरीतून जातो, आणि त्या तिजोरीत भाडेकरूपासून भाजीवाल्यापर्यंत सर्वांचा पैसा असतो. आणि परवाना हा मानाचा पट्टा नव्हे. दुसऱ्याला मारू शकणारे यंत्र हाती देण्यापूर्वी घेतलेले ते तारण आहे.

परदेशांचे आंधळे अनुकरण करावे, असे मी म्हणत नाही. आयडाहोतील निवांत चौक आणि हैदराबादेतला सायंकाळचा चौक एक नव्हेत. भर वाहतुकीत लाल दिव्यावर सरळ जाण्याची मुभा आपल्याकडे दिली तर ती मरणाची मुभा ठरेल. म्हणून आपल्या चौकाला झेपेल असा नियम हवा, आणि त्याची कलमे अवघड नाहीत. एक: पाटी लावलेल्या चौकात सायकलस्वाराला लाल दिवा असतानाही, पादचाऱ्याला वाट देऊन, डावीकडे वळता यावे. दोन: मोटारींच्या थांबरेषेपुढे सायकलींसाठी वेगळी जागा असावी, आणि त्यांना मोटारींच्या आधी चारपाच सेकंद हिरवा दिवा मिळावा, म्हणजे जे ते आज चोरून करतात ते हक्काने करतील. तीन: उजवीकडे वळणाऱ्या सायकलस्वाराला वाहतुकीच्या चार रांगा छेदून मध्यावर जावयास लावू नये, प्रथम सरळ पलीकडे जावे, तेथे थांबावे, आणि मग त्या दिशेच्या दिव्याबरोबर निघावे, ही दोन टप्प्यांची रीत कायद्याने मान्य करावी. जपानात सायकलींना हीच रीत सक्तीची आहे. चार: दोन्हीकडचे दिवे लाल ठेवण्याचा काळ सर्वांत मंद वाहनाचा वेग धरून ठरवावा. पाच: ज्याला आपण हौसेने ‘फ्री लेफ्ट’ म्हणतो, त्या अखंड डाव्या वळणावर मोटारीने सरळ जाणाऱ्या सायकलीला आधी वाट द्यावी, कारण कडेने सरळ जाणाऱ्याला आडवे कापून वळणारी मोटार त्याला टाळण्याची संधीच ठेवत नाही. आणि सहावे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: ज्या चौकात यांपैकी कोणतीही सोय केलेली नाही, तेथे पादचाऱ्याला वा दुसऱ्या कोणाला धोका दिल्यावाचून केलेल्या सिग्नलभंगाबद्दल सायकलस्वाराला दंड करू नये. आधी राज्याने आपले कर्तव्य करावे, मग नागरिकाला त्याचे दाखवावे.

या लेखाचे प्रयोजन केवळ वादविवादाचे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३८ व्या कलमाला १-अ हे पोटकलम जोडले गेले. रस्तेसुरक्षेसाठी यंत्राविना चालणाऱ्या वाहनांचे आणि पादचाऱ्यांचे व्यवहार व प्रवेश यांचे नियमन करणारे नियम करण्याचा अधिकार त्याने राज्यांना दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करण्यास फर्मावले. म्हणजे मोटारींच्या या कायद्याने सायकलस्वाराची प्रथमच अशी दखल घेतली. पण ती कोणत्या शब्दांत घेतली ते पाहा. ‘नियमन’ आणि ‘प्रवेश’! या दोन शब्दांतून सायकलस्वाराचा हक्कही निर्माण करता येईल आणि त्याची हद्दपारीही. कोलकात्याची ती यादी उद्या प्रत्येक राज्याच्या राजपत्रात परिशिष्ट म्हणून छापता येईल. किंवा वरची सहा कलमे त्याच पोटकलमाच्या आधाराने लिहिता येतील. संसदेने दार उघडे ठेवले आहे. त्यातून काय आत येईल हे मसुदा लिहिणारा ठरवील.

आणि मसुदे कोण लिहिते, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. कोणत्याही राज्याचा नियम राज्यपालांच्या नावाने निघतो, पण तो जन्मतो एखाद्या अवर सचिवाच्या टेबलावर. जुन्या आदेशाची प्रत पुढे ठेवून, ‘पूर्वीप्रमाणे’ असा शेरा मारून तो पुढे सरकतो. आपल्यापैकी कितीतरी जण आज निरनिराळ्या राज्यांत त्या टेबलांवर बसलेले आहेत. ज्या पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, त्या आणि तशा गावांतून आपण आलो. आपल्यापैकी अनेकांचे वडील कचेरीत सायकलनेच गेले, आणि त्याच सायकलच्या दांडीवर बसून आपण शाळेत गेलो. ही आठवण केवळ स्मरणरंजनासाठी काढावयाची असेल तर ती न काढलेली बरी. तिचा उपयोग एवढाच की, ज्याच्याविषयी नियम लिहावयाचा तो मनुष्य आपल्याला अपरिचित नाही. त्याचा वेग आपल्याला ठाऊक आहे, त्याची धाप ठाऊक आहे, चौकात पहिले पायडल मारताना त्याचा तोल कसा जातो हेही ठाऊक आहे.

तेव्हा ज्यांच्या पुढे हा मसुदा येईल, आला असेल, किंवा कच्च्या स्वरूपात पडून असेल, त्यांना एवढीच विनंती आहे: ‘कायदा सर्वांना सारखा’ हे वाक्य मसुद्याच्या माथ्यावर लिहिण्यापूर्वी एखाद्या सायंकाळी आपल्याच शहरातील मोठ्या चौकाच्या कडेला घड्याळ घेऊन उभे राहा. हिरव्या दिव्याच्या शेवटच्या क्षणी शिरलेल्या सायकलस्वाराला पलीकडे पोहोचण्यास किती सेकंद लागतात ते मोजा, आणि दिव्यांनी त्याला किती दिले तेही मोजा. या दोन आकड्यांत जे अंतर निघेल तेवढी आपल्या कायद्यात समता कमी आहे. ते अंतर भरून काढा, आणि मग त्याला खुशाल दंड करा.